इस्ट्रोजेन तळाला गेल्यावर काय करायचं : टेस्टोस्टेरॉन उपचार घेणाऱ्या नवख्या पुरुषांसाठी

ऐरोलीला ऑफिस असल्यामुळे ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबर फलाटाकडे जाणारा पूल माझ्या रोजच्या पायाखालचा. पावसाळ्यातल्या एका सोमवारी तो जिना चढताना दोन्ही गुडघे एवढे कटकट वाजायला लागले, की मागून येणारी कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, थांबताय का जरा?" वय ४२. काका म्हटल्याचं एवढं वाटलं नाही. खरंच थांबावंसं वाटत होतं, त्याचं जास्त वाटलं. त्याआधीचे तीन आठवडे झोप धड नाही, रात्री दोनदोनदा उठणं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, मधूनच मानेवरून गरम वाफ फिरल्यासारखा घाम. आणि बायको शेजारी असून मनात काही हलत नव्हतं. भांडावंसंसुद्धा वाटेना.

मी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो. विशीत गालगुंड झालं, त्यात वृषणांना सूज आली आणि पुढे हार्मोन हळूहळू कमी पडत गेलं. दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासून ते कमी निघाल्यावर उपचार सुरू झाला. त्यामुळे या तक्रारी आल्या तेव्हा वाटलं, टेस्टोस्टेरॉन पुन्हा घसरलं. घसरलं होतं इस्ट्रोजेन, आणि ते मीच घसरवलं होतं. छाती जरा दुखरी वाटली म्हणून जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून इस्ट्रोजेन कमी करणारी ॲनास्ट्रोझोलची गोळी सुरू केली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. अर्धीने बरं वाटतंय तर अख्खी घेऊन बघू, असा हिशेब मी केला. पोटापाण्याला हिशेबच करतो, म्हणून या चुकीची लाज जरा जास्त.

मी डॉक्टर नाही. त्या दोन-तीन महिन्यांत जे कळलं, डॉक्टरांनी जे समजावलं आणि नंतर वाचून जे पडताळलं, ते क्रमाने लिहितो. डोस ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं आहे.

आधी हे डोक्यात बसवा

पुरुषाच्या अंगातलं इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. ॲरोमॅटेज नावाचं एक एंझाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनच्या छोट्याशा हिश्श्याचं इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, करतं. हे काम मुख्यतः वृषणांच्या बाहेर चालतं: चरबीत, स्नायूंत, हाडांत, मेंदूत. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या या एंझाइमला अडवतात. म्हणजे गिरणी बंद. दाणे कितीही टाका, पीठ येणार नाही.

आणि या पिठावर पुरुषाचं बरंच काही चालतं. १९९४ साली एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची टोकं जुळायला इस्ट्रोजेन लागतं. आणि एवढ्या मोठ्या गड्याची हाडं मात्र ठिसूळ. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला एक नेटका प्रयोग झाला. २० ते ५० वयाच्या निरोगी पुरुषांचं स्वतःचं हार्मोन औषधाने बंद केलं आणि त्यांना १६ आठवडे टेस्टोस्टेरॉनचं जेल वेगवेगळ्या मात्रेत दिलं. निम्म्यांना सोबत ॲनास्ट्रोझोल. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून निघाली. पण अंगावर चरबी चढणं हे बहुतांशी इस्ट्रोजेनच्या कमतरतेमुळे होतं, आणि कामेच्छा व ताठरता यांना दोन्ही लागतात असं दिसलं. जिममध्ये 'बायकांचं हार्मोन' म्हणून ज्याला शिव्या पडतात, त्याच्यावाचून पुरुषपणाचे निम्मे व्यवहार अडतात.

पहिली पायरी : तुम्ही कोणत्या रांगेत आहात ते ओळखा

इस्ट्रोजेन कमी पडण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

एक, माझ्यासारखे: टेस्टोस्टेरॉन चालू, वर ॲरोमॅटेज अडवणारी गोळी. नवख्यांत हीच वाट जास्त वाहती. दोन, ज्यांचा टेस्टोस्टेरॉनचाच डोस अपुरा आहे किंवा दोन इंजेक्शनांत फार अंतर पडलंय. दाणेच नाहीत, तर पीठ कुठून? तीन, जिममध्ये 'कोर्स' मारणारे, ज्यांच्या सुयांत इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारी स्टेरॉइडं असतात आणि स्वतःचं हार्मोन दबलेलं असतं. चार, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन बंद करणारे उपचार घेणारे. चौथ्या रांगेतल्यांनी पुढच्या पायऱ्या स्वतःला लावू नयेत. तुमच्यासाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

माझ्या बाबतीत पहिली आणि दुसरी वाट एकाच चौकात भेटल्या होत्या. मी घेतो ते टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, १००० मिलीग्रॅमचं डेपो, म्हणजे अंगात हळूहळू सुटणारं, इंजेक्शन. पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी आणि मग दर १० ते १४ आठवड्यांनी द्यायचं असतं. मी गोळी वाढवली ती नेमकी शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे इंजेक्शन संपत आलेलं. दाणे संपत आले आणि गिरणीलाही कुलूप.

दुसरी पायरी : गोळीचं काय करायचं

स्वतःच्या मनाने सुरू केली असेल तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी दिली असेल तर फोन करा, लक्षणं सांगा, 'थांबवू का' असं स्पष्ट विचारा. मनानेच अर्धी, पाव, एक दिवसाआड असले प्रयोग नकोत. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली असेल, पुरुषांनाही तो होतो, तर कितीही सांधे दुखले तरी कॅन्सरच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बंद करायची नाही.

टेस्टोस्टेरॉन मात्र घाबरून थांबवू नका. इस्ट्रोजेन परत येणार ते त्याच्यातूनच.

उरलेली पट्टी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हे हसण्यावारी नेऊ नका, का ते पाचव्या पायरीत कळेल. माझी पट्टी बायकोच्या हाती गेली तेव्हा तिने आतलं बारीक अक्षरातलं पत्रक उलगडून वाचलं. "अरे, हे वाचलंस का? पाळी गेलेल्या बायकांसाठी, स्तनाच्या कॅन्सरला, असं लिहिलंय." वाचलं नव्हतं. सहा आठवडे गोळी खाल्ली, पत्रक उलगडलं नव्हतं.

तिसरी पायरी : रक्त, आणि ते कधी द्यायचं

इथे नवखे सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून जरा सविस्तर.

फॉर्मवर निदान एवढं असू द्या: इस्ट्राडायॉल, टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). डॉक्टर बहुधा प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन डी आणि बी-१२ जोडतील. बी-१२ आणि थायरॉइडला कमी लेखू नका. थकवा, उदासपणा, मुंग्या येणं, इच्छा मरणं हे सगळं तिथूनही येतं, आणि आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ कमी असणं ही रोजची गोष्ट आहे. सगळा दोष एका हार्मोनवर ढकलला की दुसरं दुखणं लपून राहतं.

वेळ सकाळची, उपाशीपोटी. पण घड्याळापेक्षा महत्त्वाचं म्हणजे इंजेक्शनपासून किती दिवस झाले ते. अनडेकॅनोएटचं डेपो असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी. एनान्थेट (कमी दिवस टिकणारं टेस्टोस्टेरॉन) किंवा टेस्टोस्टेरॉनच्या चार प्रकारांचं मिश्रण असलेली २५० मिलीग्रॅमची सुई दोन-तीन आठवड्यांनी घेत असाल तर डॉक्टर सांगतील त्या दिवशी, बहुतेक दोन सुयांच्या मध्यावर. जेल असेल तर लावल्यानंतर २ ते ८ तासांत, आणि जेल ज्या हाताला लावता त्या हातातून रक्त देऊ नका. शेवटच्या सुईची तारीख फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा. तारखेशिवायचा आकडा म्हणजे तारखेशिवायची पावती; आमच्या ऑफिसात असल्या पावतीला कुणी हात लावत नाही.

आता पद्धत. साध्या लॅबमध्ये इस्ट्राडायॉल मोजतात ते इम्युनोअसे पद्धतीने. ती बनली बायकांच्या मोठ्या आकड्यांसाठी. पुरुषांच्या छोट्या आकड्यांत, म्हणजे २०-३० पिकोग्रॅमच्या आसपास आणि त्याखाली, तिचा नेम चुकू शकतो. त्यापेक्षा नेमकी पद्धत म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, फॉर्मवर एलसी-एमएस/एमएस असं लिहिलेलं असतं. महाग पडते आणि रिपोर्टला जास्त दिवस लागतात, कारण रक्त नौपाड्यात घेतलं तरी तपासणी दुसऱ्याच गावच्या मोठ्या लॅबमध्ये होते. सॅम्पल घ्यायला घरी येणाऱ्या मुलाला त्याबद्दल विचारून उपयोग नाही, फोन करून लॅबलाच विचारा. आणि एकदा जी पद्धत, जी लॅब धरलीत, तीच पुढेही ठेवा. एक रिपोर्ट घोडबंदरचा, दुसरा वाशीचा, तिसरा कुठल्यातरी शिबिरातला, अशी तुलना करायला बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

दोन लपलेले खड्डे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या (हे एक जीवनसत्त्व) गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या आधी काही दिवस त्या बंद ठेवा. किती दिवस ते मात्रेवर अवलंबून, लॅबला विचारा. काही इम्युनोअसेंमध्ये बायोटिनमुळे इस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. दुसरा, एक्झेमेस्टेन. ती गोळी स्वतःच स्टेरॉइडच्या बांध्याची असल्यामुळे साध्या तपासणीला ती इस्ट्रोजेन वाटू शकते. म्हणजे अंगात खडखडाट आणि रिपोर्टवर भरलेलं कोठार.

रिपोर्ट कसा वाचायचा? प्रौढ पुरुषांत इस्ट्राडायॉल साधारण १० ते ४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. लॅबनुसार थोडं इकडेतिकडे. रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल तर ३.६७ ने भागा. माझ्या रिपोर्टवर आकडाच नव्हता, '५ पेक्षा कमी' असं छापलेलं होतं. पण निव्वळ आकड्यावर निदान होत नाही. १८ असून मजेत असणारे आहेत आणि ३० असून रडणारेही. लक्षणं आणि आकडा एका दिशेला बोट दाखवत असतील तरच ते खरं धरायचं.

चौथी पायरी : कुणाकडे जायचं

हार्मोनचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. ठाण्यात बहुतेक जण त्यांना 'शुगरचे डॉक्टर' म्हणूनच ओळखतात, त्यामुळे बाहेरच्या बाकावर तुम्ही सोडून सगळे मधुमेहाचे असतील, बुजू नका. खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. दिवस मोडतो, पण माणसं जाणती आहेत. कळव्याच्या पालिका रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते.

डॉक्टरांपुढे खोटं बोलू नका. जिममध्ये काय टोचलं, कोणती पावडर, मित्राने दिलेली बिननावाची कुपी, सगळं. मी पहिल्या भेटीत गोळीचा विषय टाळला. त्यांनी रिपोर्ट बघितला, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "कोणती घेतलीत? ॲनास्ट्रोझोल की लेट्रोझोल?" पंधरा मिनिटं वाया घालवली होती मी त्यांची.

पाचवी पायरी : थांबणं

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि तिच्यात करण्यासारखं फारसं काही नाही. म्हणूनच लोक इथे घसरतात.

ॲनास्ट्रोझोलचं अर्धायुष्य साधारण ५० तास. म्हणजे दोन दिवसांत निम्मं, चार दिवसांत पाव, असं करत सुमारे दहा दिवसांत ते नावापुरतं उरतं. ते सुटलं की गिरणी पुन्हा फिरते. लेट्रोझोलही साधारण याच चालीचं, पण दाब जास्त कडक. एक्झेमेस्टेनची तऱ्हा वेगळी: ते एंझाइमला कायमचं निकामी करतं, त्यामुळे औषध रक्तातून लवकर गेलं तरी शरीराला नवं एंझाइम बनवेपर्यंत थांबावं लागतं.

हे सगळं खरं, पण दाणे हवेत. माझं इंजेक्शन संपत आलं होतं म्हणून गोळी बंद करून आठ दिवस झाले तरी ढिम्म फरक नव्हता. डॉक्टरांनी ठरल्या तारखेच्या थोडं आधी इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे गाडी हलली. म्हणून गोळी थांबवून मोकळे होऊ नका, टेस्टोस्टेरॉनची पातळी त्या वेळी कुठे आहे तेही बघा.

माझ्या वहीतला क्रम असा. इंजेक्शननंतरच्या पहिल्या आठवड्यात घामाच्या वाफा कमी झाल्या. दुसऱ्यात झोप लागायला लागली, पहाटे साडेतीनला जाग येणं थांबलं. तिसऱ्यात एका संध्याकाळी तलावपाळीवर भेळ खाताना लक्षात आलं, की आज आपण दोनदा हसलो. गुडघ्यांना सहा-सात आठवडे लागले. इच्छा सगळ्यात शेवटी आली, आणि तीही एकदम नाही, उन्हाळ्यातल्या नळासारखी, आज धार तर उद्या थेंब. रिपोर्टवर इस्ट्राडायॉल १९ आलं तेव्हा शरीर अजून बरंच मागे होतं. तुमचा क्रम वेगळा असू शकतो. आकडा आधी सुधारतो आणि अंग मागून येतं एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मी घबराट वाचेल.

आता त्या पट्टीचं. तिसऱ्या आठवड्यात माझी बोटं सुजल्यासारखी वाटली, अंगठी रुतायला लागली, एका बाजूचं स्तनाग्र हुळहुळं झालं. तळाला गेलेलं इस्ट्रोजेन वर येताना असं काही दिवस होऊ शकतं. शरीराची सवय मोडलेली असते. मनात लगेच आलं, आता जास्त झालं, एक पाव गोळी घेऊ. ही पाव गोळी म्हणजे झोपाळा. ती घेतली की खाली, बंद केली की वर, आणि प्रत्येक फेरीत तुम्हाला वाटतं आपण काहीतरी सावरतोय. मी पट्टी मागितली. बायकोने दिली नाही. दोन दिवस बोललो नाही आम्ही. पाचव्या दिवशी अंगठी सैल झाली.

छातीत खरोखरच गाठ लागली, ती वाढत असली किंवा स्तनाग्रातून पाणी आलं तर मात्र वाट बघू नका, दाखवा.

वही कशी ठेवायची? रोज पाच गोष्टींना दहापैकी गुण: झोप, सांधे, मनःस्थिती, इच्छा, घाम. सुईची तारीख, इतर औषधं, दारू घेतली असेल तर तीही. एका वेळी एकच बदल आणि त्याला निदान तीन-चार आठवडे. एकाच आठवड्यात गोळी थांबवली, सुई बदलली, अश्वगंधा सुरू केली आणि जिम सोडली, तर कशाने काय झालं हे कुणीच सांगू शकणार नाही. पुढची तपासणी साधारण चार आठवड्यांनी. दर आठवड्याला रक्त काढून लॅबचीच तब्येत सुधारते.

मन या काळात फार खाली जाऊ शकतं. जगणं नको वाटायला लागलं तर तो 'हार्मोनचा खेळ' म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. घरातल्या कुणाला तरी हे सगळं आधीच सांगून ठेवा.

काय करू नये

बायकोच्या गर्भनिरोधक गोळ्या खायच्या नाहीत. हे लिहावं लागतंय, कारण माझ्या त्याच जिममित्राने 'माला-डी घे, लगेच वर येईल' असा सल्ला दिला होता. त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असतं. रक्ताच्या गुठळीचा धोका खरा आहे, आणि टेस्टोस्टेरॉनने रक्त आधीच दाट होत असेल तर विषाची परीक्षा कशाला? एचसीजीची सुई काही डॉक्टर देतात, तिने वृषणांतलं काम वाढतं आणि इस्ट्राडायॉलही वाढतं, पण ती त्यांच्या देखरेखीखालीच. टेस्टोस्टेरॉनचा डोस स्वतः दुप्पट करणं हाही तसलाच शहाणपणा. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉनच थांबवतात, मग आणखी मोठा घोळ.

सोयाबीन खाऊन इस्ट्रोजेन चढत नाही आणि न खाऊन उतरतही नाही. चंक्स आवडत असतील तर खा.

घर, ताट, पाय

सांधे दुखत असताना जड वजनं उचलू नका, पण बिछानाही धरू नका. मी उपवनला गाडी लावून येऊरच्या रस्त्याने सकाळी चालायचो. चढ सोपा नाही, म्हणून सुरुवातीला अर्ध्यातूनच परत. जिममध्ये मशीनवर हलकी वजनं. तेलाचं प्रमाण अगदी शून्यावर आणणारा डाएट या काळात सुरू करू नका.

हाडांसाठी कॅल्शियम. आपल्याकडे त्यासाठी परदेशी पावडर लागत नाही: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम, तिळात त्याच्या कितीतरी पट. भाकरी, आंबील, तिळाची चटणी, दही. व्हिटॅमिन डी रिपोर्टमध्ये कमी असेल तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटचं साशे आठवड्याला एक, असं ठराविक आठवडे देतील. ते संपल्यावर आपणहून चालू ठेवू नका, डी जास्त झालं तर किडनीला जड जातं.

इस्ट्राडायॉल फार खाली असण्याचा काळ महिने-वर्षांचा असेल, तर डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारी तपासणी) विचारा. म्हाताऱ्या पुरुषांवरच्या एका स्वीडिश अभ्यासात १६ पिकोग्रॅमच्या खाली हाड मोडण्याचा धोका वाढलेला दिसला होता. माझे सहाच आठवडे होते, डॉक्टर गरज नाही म्हणाले.

ज्यांचा प्रोस्टेटचा उपचार चालू आहे

तुमच्यात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद केलेलं आहे. ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिनची सुई, किंवा वृषण काढण्याची शस्त्रक्रिया. टेस्टोस्टेरॉन गेलं की त्यातून बनणारं इस्ट्रोजेनही जातं, आणि घामाच्या वाफा, ठिसूळ हाडं ही बरीचशी त्याचीच देणगी. गंमत अशी, की १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी हा उपचार दाखवला, ज्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन पाडायला इस्ट्रोजेनच औषध म्हणून देत असत. तुम्ही मात्र 'भरून काढायला' टेस्टोस्टेरॉन किंवा कसलंही हार्मोन आपल्या मनाने घ्यायचं नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: डेक्सा कधी करायचा, हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी सुई लागेल का, वाफांसाठी कोणतं औषध चालेल. हाडांची सुई घेण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. नवी मुंबईतल्यांना टाटा मेमोरियलचं खारघरचं कॅन्सर केंद्र, ॲक्ट्रेक, जवळ पडतं.

ट्रान्स पुरुषांसाठीही एक ओळ: अंडाशय काढलेले असतील तर तुमची हाडं आता टेस्टोस्टेरॉन आणि त्यातून बनणाऱ्या इस्ट्रोजेनवर उभी आहेत. सुई महिनोन्महिने चुकवू नका.

पुन्हा तिथेच येऊ नये म्हणून

छाती दुखरी होण्याचं माझं मूळ कारण राहिलंच होतं. पोट सुटलेलं होतं, आणि चरबी म्हणजे ॲरोमॅटेजचं गोदाम. वजन सात किलो उतरलं, छातीची तक्रार गेली. एनान्थेटसारखी सुई दोन-तीन आठवड्यांनी एकदम २५० घेणाऱ्यांच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन उंच उडी मारतं आणि इस्ट्रोजेनही त्यासोबत चढतं. डॉक्टर तीच मात्रा लहान भागांत, कमी अंतराने द्यायला तयार असतात. तसं केलं की बऱ्याच जणांना गोळीची गरजच उरत नाही. टेस्टोस्टेरॉन उपचारात ॲनास्ट्रोझोल सरसकट द्यावं असं प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत कुठेही नाही, हे मला गोळी सुरू करण्याआधी कुणी सांगितलं असतं तर, असो.

अजून मूल हवं असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी तो विषय डॉक्टरांकडे काढा. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणं थांबवतं, आणि ते परत यायला महिने लागतात. आमची मुलगी तोवर झालेली होती.

आता माझं इंजेक्शन दर ११ आठवड्यांनी. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी रक्त, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. मागच्या वेळी इस्ट्राडायॉल २४ होतं, हिमॅटोक्रिट ४८. पुढची तारीख कॅलेंडरवर बायकोच्या अक्षरात लिहिलेली आहे, दुधाच्या हिशेबाच्या खाली.